तुम्ही विचारलंत म्हणून: शहरात घोड्याचे हाल होतात का?

संचलनात, मिरवणुकीत किंवा पोलिसांच्या गस्तीवर घोडा दिसला की हा प्रश्न हमखास येतो. डांबरावर, हॉर्नच्या गोंगाटात या जनावराला कशाला आणायचं? आमचं उत्तर असं, की शहराने घोडा ठेवला, पण घोड्याभोवतीची माणसं आणि सोयी काढून टाकल्या. हाल बहुतेक त्यातून होतात.

एकेकाळी शहरच घोड्यावर चालायचं. १८७२ साली उत्तर अमेरिकेत घोड्यांमध्ये फ्लूची साथ पसरली आणि ट्रामगाड्या ठप्प झाल्या. त्याच नोव्हेंबरात बॉस्टनला मोठी आग लागली, तेव्हा बंब माणसांना ओढत न्यावे लागले. लंडनमध्ये १८५९ साली पाणपोया बांधण्यासाठी निघालेल्या संस्थेने पुढे जनावरांसाठी रस्त्याकडेला दगडी हौदही बांधले. तबेला, नाल ठोकणारा नालबंद, गवताची वखार हाकेच्या अंतरावर असायची. आज घोडा पाळणाऱ्याला हे सगळं स्वतःच उभं करावं लागतं आणि नेमकं तिथेच हात आखडला जातो.

सगळ्यात आधी खूर बघा. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल असली की तो झिजत नाही, नुसता वाढत राहतो. पुढचं टोक लांबलं की पाऊल उचलताना पायामागच्या कंडरांवर ताण येतो आणि टाचा नालेबाहेर पसरतात. म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढायची, खूर कापून कानशीने सारखा करायचा आणि नाल पुन्हा बसवायची. ‘नाल अजून झिजली नाही’ म्हणून थांबणं ही सर्रास होणारी चूक. नाल कितीही नवी दिसो, तिच्याखालचा खूर बदललेला असतो.

खिळा ठोकताना दुखतं का? नीट ठोकला तर नाही. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला संवेदना नसते. तळाकडून पाहिलं तर भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेषा दिसते. खिळा त्या रेषेच्या आत जाता कामा नये. तो भिंतीतून वर सरकून साधारण २ सेंटिमीटरवर बाहेर पडतो, मग टोक मोडून वळवतात. खिळा मांसात घुसला तर घोडा तिथल्या तिथे पाय ओढून घेतो. नुसता जवळून गेला तर मात्र फसगत होते, कारण लंगडणं एक-दोन दिवसांनी सुरू होतं आणि तोवर नालबंद निघून गेलेला असतो. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, त्यामुळे त्याची लस चुकवायची नाही.

गुळगुळीत लोखंडी नाल डांबरावर घसरते. ओल्या रस्त्यावर आणि गटाराच्या झाकणांवर तर फारच. यासाठी टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले खिळे मिळतात. एका नालेला एक किंवा दोन पुरतात. जास्त लावले तर पाय टेकताना जो थोडा सरकायला हवा तो जागीच अडकतो आणि सगळा धक्का सांध्यांत जातो. तरीही कठीण रस्त्यावर घोड्याला चालवावं, दौडवू नये. फोटोसाठी दौडवायला सांगणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावं.

दुसरी गोष्ट पोटाची. घोड्याचं जठर लहान असतं, त्यात आम्ल सतत पाझरत असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान ७ किलो सुका चारा लागतो आणि तोही थोडा थोडा, दिवसभर. सोहळ्याच्या दिवशी सहा-सात तास तोंडात लगाम, मग परतल्यावर एकदम भरपूर चंदी म्हणजे धान्याचा खुराक, हा क्रम सगळ्यात वाईट. त्यातून अल्सर आणि पोटशूळ होतात. एका वेळी २ किलोपेक्षा जास्त चंदी देऊ नये आणि आधी गवत खाऊ द्यावं. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, तर तो हट्ट करत नसतो. चारा काढून घ्या आणि लगेच पशुवैद्याला बोलवा.

पाणी एरवीही दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं. उन्हात काम असेल तर त्याच्या दुप्पटही. घामातून मीठ जातं, ते परत दिलं नाही तर तहानही नीट लागत नाही. तापलेल्या घोड्याला गार पाणी पाजू नये ही जुनी समजूत सोडून द्यावी. पाजावं, आणि अंगावरही सतत ओतत राहावं.

बुजण्याबद्दल थोडंच. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. नाकासमोरची थोडी जागा आणि थेट शेपटीमागची तेवढी दिसत नाही. म्हणून मागून येऊन थाप मारू नका, खांद्याकडून बोलत या. ढोल, फटाके, फुगे यांची सवय आठवडे घालून, लांबून जवळ आणत लावावी लागते, सोबत अनुभवी घोडा ठेवून.

रस्त्यावरच्या घोड्याची अवस्था तुम्हालाही ओळखता येते. नाकपुड्या फुगवून धापा टाकतोय का, पाऊल आखडतोय का, तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, केस गेलेत का, ते पाहा. हाताळणाऱ्याने नाडीही बघावी, जबड्याच्या खालच्या कडेला बोटं टेकवून. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. काम थांबल्यावर १५ मिनिटांत ६० च्या खाली आली नाही, तर त्या दिवशी त्याला पुन्हा जुंपायचं नाही, वरात अर्ध्यात असली तरी.