एल सेंट्रो, युमा, लास क्रूसेस : एका विवाहनोंदीचा माग

आमच्या सॅन दिएगोतील शेजारीणबाईंचे आजोबा जालंधरकडचे शीख शेतकरी होते आणि आजी मेक्सिकोहून आलेल्या कॅथलिक घरातली. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी शेकडो लग्ने झाली. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांची वाट अमेरिकेने बंद केली, त्यामुळे तेथील कापसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांवर राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडून बायको आणणे अशक्य झाले होते. “लग्न १९३३ साली एल सेंट्रोला झाले,” एवढेच बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना त्या लग्नाच्या नोंदीची प्रमाणित प्रत हवी होती, आणि गाडी चालवायला व अर्ज भरायला सोबत म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर निघालो.

सॅन दिएगोहून आठ क्रमांकाच्या महामार्गाने एल सेंट्रो सुमारे ११५ मैल, म्हणजे दोन तासांच्या अंतरावर आहे. रस्ता आधी ४ हजार फुटांहून उंच डोंगर चढतो आणि मग उघड्याबोडक्या दगडांमधून थेट समुद्रसपाटीच्याही खाली उतरतो. हे खोरे उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. त्यामुळे वयस्कर माणूस बरोबर असेल तर नोव्हेंबर ते मार्च हाच काळ निवडावा.

अमेरिकेत लग्नाची मूळ नोंद काउंटीकडे असते. आपल्याकडच्या जिल्ह्याशी तिची ढोबळ तुलना करता येईल, पण ही तुलना फार ताणू नये, कारण नोंद काउंटीच्या नेमक्या कोणत्या कचेरीत राहते हे प्रत्येक राज्यात वेगळे असते. कॅलिफोर्नियात सार्वजनिक विवाहाची नोंद काउंटी रेकॉर्डरकडे असते, तर ‘गोपनीय’ प्रकारच्या परवान्यावर (म्हणजे लग्नाआधी काउंटीकडून घ्यायच्या लेखी परवानगीवर) झालेल्या विवाहाची काउंटी क्लार्ककडे. या दुसऱ्या नोंदीची प्रत पतिपत्नींखेरीज इतरांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नाही. एल सेंट्रोला या दोन्ही कचेऱ्या एकत्रच आहेत. मात्र इम्पीरियल काउंटी स्वतःच १९०७ साली सॅन दिएगो काउंटीतून वेगळी झाली आहे, त्यामुळे त्याआधीचे काही शोधत असाल तर एल सेंट्रोला जाण्याचे कारणच नाही.

खिडकीवर पहिला प्रश्न आला तो प्रतीच्या प्रकाराचा. कॅलिफोर्नियात ‘अधिकृत’ आणि ‘माहितीपर’ अशा दोन प्रकारच्या प्रमाणित प्रती मिळतात. माहितीपर प्रत कोणीही मागू शकतो, पण ओळख सिद्ध करण्यासाठी ती ग्राह्य नाही असा मजकूर तिच्यावर ठळक छापलेला असतो. अधिकृत प्रत ठरावीक नातेवाइकांनाच मिळते. नातवंडे त्यात बसतात, शेजारी अर्थातच बसत नाहीत. म्हणून अर्जावर आणि शपथपत्रावर बाईंनीच सही केली. समक्ष गेल्यास ही सही कर्मचाऱ्यासमोर होते, टपालाने अर्ज केल्यास शपथपत्र नोटरीकडून करून घ्यावे लागते, आणि टपालाचे अर्ज परत येण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.

शोधाची खरी मेहनत नावांत आहे. अनुक्रमणिकेत वराच्या नावाने पाहायला गेलो तर ‘सिंग’ आडनावाची रांगच लागली, आणि तेच आडनाव कारकुनाने कानाला लागेल तसे दोन-तीन प्रकारे लिहिलेले होते. अशा वेळी वधूच्या नावाने शोधणे अधिक सोयीचे पडते, फक्त मेक्सिकन रिवाजाप्रमाणे तिला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात, तेव्हा दोन्हींखाली पाहावे. सांगितलेल्या सालाच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षेही पाहावीत, कारण घरातल्या आठवणीत लग्नाचे साल बहुधा पहिल्या मुलाच्या वयावरून मागे मोजलेले असते. आम्ही हे सगळे केले, तरी हाती काही लागले नाही. अशा वेळी शुल्क परत मिळत नाही. त्याऐवजी ‘अशी नोंद नाही’ असे प्रमाणपत्र देतात. बाई खट्टू झाल्या, पण ते प्रमाणपत्र जपून ठेवावे असे मी त्यांना सुचवले, कारण कोणत्या काउंटीत कोणती वर्षे पाहून झाली याचा तो लेखी पुरावा असतो.

आता युमा. १९२७ साली कॅलिफोर्नियाने परवान्यासाठी तीन दिवसांची आगाऊ सूचना सक्तीची केली, आणि ज्यांना घाई होती त्यांनी अ‍ॅरिझोनाच्या हद्दीतले युमा गाठायला सुरुवात केली, कारण तेथे थांबावे लागत नसे. एल सेंट्रोहून ते जेमतेम ६० मैलांवर आहे. वाटेत वाळूच्या टेकड्यांचा देखणा पट्टा लागतो आणि तो पाहण्यात आम्ही थोडे रेंगाळलो. गाडीतले घड्याळ चार वाजून दहा मिनिटे दाखवत असताना आम्ही युमात शिरलो आणि कचेरीला कुलूप! अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणून उन्हाळ्यात दोन्हीकडची घड्याळे जुळतात, पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अ‍ॅरिझोना कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असते. ही चूक सर्वस्वी माझी, आणि तिची किंमत म्हणजे युमातला एक अनपेक्षित मुक्काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली. अ‍ॅरिझोनात रेकॉर्डर नावाची कचेरी आहे, पण विवाहाचे परवाने आणि नोंदी तिच्याकडे नसतात. त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे असतात. तेथेही वराचे नाव, वधूची दोन्ही आडनावे, सगळी वर्षे पाहून झाली. बाईंच्या आजोबांच्या एका सोबत्याचे १९२९ चे लग्न सापडले, यांचे मात्र नाही.

तेव्हा मला जे आधी सुचायला हवे होते ते सुचले. कॅलिफोर्नियाचा त्या काळचा कायदा गोऱ्यांचे कृष्णवर्णीय आणि ‘मंगोल’, म्हणजे चिनी-जपानी वंशाच्या, व्यक्तींशी होणारे विवाह नाकारत होता. पंजाबी माणूस कोणत्या रकान्यात बसतो ते त्यात लिहिलेले नव्हते, आणि मेक्सिकन वधू कायद्याच्या दृष्टीने गोरी ठरू शकत होती. परवाना द्यायचा की नाही हे त्यामुळे खिडकीमागच्या कारकुनाच्या नजरेवर, म्हणजे त्याला दोघांचा वर्ण सारखा वाटतो की नाही यावर अवलंबून राही. अ‍ॅरिझोनाने तर १९३१ मध्ये गोऱ्यांशी विवाह करण्यास मनाई असलेल्यांच्या यादीत ‘हिंदू’ हा शब्दच घातला, आणि अमेरिकेत तेव्हा ‘हिंदू’ म्हणजे हिंदुस्थानातला कोणीही, मग तो शीख असो की मुसलमान. १९३३ च्या सुमारास लग्न करू पाहणाऱ्या या जोडप्याला जवळची दोन्ही दारे अशी बंद किंवा अर्धवट उघडी होती. न्यू मेक्सिकोत मात्र अशी बंदी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला तो १९४८ मध्ये. अ‍ॅरिझोनाने आपला १९६२ मध्ये रद्द केला. म्हणून या पिढीतली नोंद शोधताना जोडपे कोठे राहत होते हे विचारण्याआधी त्या साली त्यांना परवाना कोठे मिळू शकत होता हे विचारावे. आम्ही उलट क्रमाने गेलो आणि दोन दिवस घालवले.

न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस युमापासून सुमारे ५०० मैल दूर आहे आणि तेथवर जाण्याची बाईंची तयारी नव्हती. त्याची गरजही पडली नाही. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर अनेक राज्यांच्या काउंटी विवाहनोंदींची अनुक्रमणिका आहे. खाते उघडले की शोधता येते, काही मूळ पानांच्या प्रतिमा मात्र त्यांच्या केंद्रातील संगणकावरच उघडतात. खरे तर सुरुवात येथूनच करायला हवी होती. युमाच्या हॉटेलात बसून मी वधूचे आईकडचे आडनाव, साल १९३० ते १९३८ आणि ठिकाण फक्त ‘न्यू मेक्सिको’ असे घातले, आणि दोन्या आना काउंटीची १९३४ ची नोंद समोर आली. वराच्या आडनावातला शेवटचा ‘एच’ गळालेला, वधूच्या नावात एक अक्षर जास्त, पण दोघांचा पत्ता इम्पीरियल काउंटीचाच. बाईंनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या मोठ्या मामाचा जन्म लग्नाच्या आधीचा!” मग बराच वेळ हसत राहिल्या.

पुढचे काम टपालाने झाले. दोन्या आना काउंटीच्या क्लार्ककडे, म्हणजे लास क्रूसेसलाच, नोंदवहीचा खंड आणि पृष्ठ क्रमांकासह पत्र पाठवले. हे दोन क्रमांक दिले की कर्मचाऱ्याला शोधत बसावे लागत नाही. मागताना केवळ प्रमाणपत्र न मागता परवान्याचा अर्जही मागावा. वय, जन्मस्थान यांसारखे तपशील बहुधा त्यातच असतात. शुल्काचे दर बदलत असल्याने पाठवण्यापूर्वी फोन करून विचारावे. नोंद कोठेच सापडली नाही तर मुलांच्या बाप्तिस्म्याची चर्चमधली वही पाहावी. या घरांतल्या आया बहुधा कॅथलिक असल्याने आईवडिलांची नावे तेथे मिळू शकतात.

अलीकडे कॅलिफोर्नियात नोंदणी विवाह केलेल्या मराठी जोडप्यांसाठी याच नियमांतला एक भाग कामाचा आहे. परवाना राज्यात कोठेही चालतो, पण समारंभानंतर तो १० दिवसांत ज्या काउंटीने दिला तिच्याकडेच परत जातो. म्हणून सांता क्लारात परवाना घेऊन नापामध्ये लग्न लावले असेल तर प्रत सांता क्लाराकडेच मागावी. गुरुजींनी दिलेले नक्षीदार प्रमाणपत्र कायदेशीर नोंद नव्हे. भारतात वापरायच्या प्रतीवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, लागते, आणि ते ज्या राज्याची नोंद त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून घ्यावे लागते. बाईंना ती प्रत जालंधरकडच्या नातेवाइकांना पाठवायची आहे, म्हणून तिचा पुढचा प्रवास कॅलिफोर्नियाच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला नव्हे, तर न्यू मेक्सिकोच्या राजधानीला, सांता फेला आहे.