तीन शब्द, एक तारीख

भाड्याच्या कराराचं भाषांतर पाठवून मी जरा निवांत बसले होते, तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन आला. "मॅडम, मुदत नक्की कधी सुरू होते? तुमच्या मसुद्यात तीन तारखा दिसताहेत."

तारीख एकच होती. शब्द मी तीन वापरले होते. मूळ इंग्रजीत सगळीकडे 'कमेन्समेंट'. मी एका कलमात 'सुरुवात' लिहिलं, पुढे 'आरंभ' आणि परिशिष्टात 'प्रारंभ'. तोच शब्द परत आला की निबंधाचे गुण जातात, ही शाळेतली भीती अजून हातातून गेलेली नाही. पण करारात सहीचा दिवस वेगळा, ताबा देण्याचा वेगळा, भाडं लागू होण्याचा आणखी वेगळा असू शकतो. तीन शब्द दिसले की वाचणारा तीन दिवस शोधणारच.

"समोरचा वकील पहिलं हेच विचारेल, अर्थ एक तर शब्द का बदलला?" साहेब म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं. मराठीतल्या अधिनियमांचं पहिलं कलम 'संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ' अशा थाटाचं असतं. तिथे 'प्रारंभ' म्हणजे अंमल सुरू होण्याचा दिवस. संविधान 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलं गेलं, नागरिकत्वासारखे काही अनुच्छेद लगेच लागूही झाले. तरी 394 व्या अनुच्छेदानुसार संविधानाचा 'प्रारंभ' 26 जानेवारी 1950 चाच. बोलताना मात्र हा शब्द जड होतो. बाळ चालायला 'सुरुवात' करतं आणि भांडणाला तर नुसतं तोंड फुटतं.

(याच शब्दाचं भावंड 'प्रारब्ध'. मूळ अर्थ 'सुरू झालेलं'. आपण मात्र ते कपाळावर लिहिलेलं म्हणून वापरतो. त्या दुपारी दोन्ही अर्थ पटले.)

मग मी संगणकाला सांगितलं, 'सुरुवात' दिसेल तिथे 'प्रारंभ' कर. 'आरंभ'ही तसाच बदलला आणि फाइल परत पाठवली.

संध्याकाळी पुन्हा फोन. "आता तारीख एकच दिसते, छान. पण सहाव्या पानावर 'प्रारंभीला' लिहिलंय, ते काय?"

'सुरुवातीला' होतं ते.