हा व्हॉल्यूम नक्की कोणत्या सर्व्हरचा? – माझा अनुभव

स्टोरेजवर, म्हणजे अनेक सर्व्हरना डिस्कची जागा वाटून देणाऱ्या यंत्रावर, एखाद्या व्हॉल्यूमचं (त्या जागेच्या एका तुकड्याचं) नाव ‘टेस्ट डीबी ०२’ आहे म्हणजे तो टेस्ट डेटाबेसचा असेलच असं नाही. आमच्या जुन्या स्टोरेजवर नेमक्या अशाच नावाच्या व्हॉल्यूमवर प्रॉडक्शनचे, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या डेटाबेसचे, आर्काइव्ह लॉग (बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदी) जात होते. टेस्टसाठी काढलेली जागा कुणीतरी घाईच्या वेळी प्रॉडक्शनला जोडून दिली, काम भागलं, नाव तसंच राहिलं. चाळीत भाडेकरू बदलला तरी दारावरची पाटी जुनीच राहते, तसं. म्हणून हे स्टोरेज रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सुरुवातीलाच ठरवलं की नावावर विसंबायचं नाही, नंबर (व्हॉल्यूमचा युनिक आयडी) बघायचा. आणि स्टोरेज नि सर्व्हर दोघंही तोच नंबर सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

चाकणजवळच्या एका कारखान्याचं हे डेटा सेंटर. आयबीएमचं स्टोरवाइज व्ही७०००, सर्व्हरना त्याच्याशी जोडणारे दोन फायबर स्विच, आणि त्यावर व्हीएमवेअरचे होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर), लिनक्सवरचे डेटाबेस, विंडोजचा फाइल सर्व्हर, आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवरचं एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) असं सगळं एकत्र नांदत होतं. नवं स्टोरेज रॅकमध्ये चढलं होतं. जुन्यावरचं काय हलवायचं आणि काय काढून टाकायचं, याची यादी हवी होती. आधीपासून चालत आलेली एक एक्सेल शीट होती, पण तिच्यात सर्व्हरची नावंच होती, नंबर एकही नव्हता.

पहिल्यांदा स्टोरेजला विचारलं. ग्राफिकल स्क्रीनवर एकेक व्हॉल्यूम उघडून बघता येतो, पण व्हॉल्यूम शेकड्यांनी असले की कमांड लाइनच बरी. ‘एलएसहोस्टव्हीडिस्कमॅप’ ही कमांड प्रत्येक होस्टला, म्हणजे स्टोरेजवर नोंदलेल्या सर्व्हरला, कोणता व्हॉल्यूम दिलाय, त्याचा लन नंबर (त्या होस्टपुरता क्रमांक) काय आणि युनिक आयडी काय, हे ओळीनं सांगते. मध्ये स्वल्पविराम टाकून काढलं की थेट शीटमध्ये घेता येतं. मात्र या यादीत मॅप केलेले, म्हणजे कुठल्यातरी होस्टला जोडून दिलेलेच व्हॉल्यूम येतात. कुणालाच न दिलेले व्हॉल्यूम शोधायला सगळ्या व्हॉल्यूमची यादी वेगळी काढून दोन्ही ताडून बघावी लागतात. तिथेही मॅपिंग नाही म्हणजे व्हॉल्यूम वाया गेला, असं समजू नये. आमच्याकडे त्यातले बरेचसे फ्लॅशकॉपीचे टार्गेट, म्हणजे स्टोरेजनंच काढलेल्या दुसऱ्या व्हॉल्यूमच्या प्रती निघाले. त्यांना होस्ट असेलच असं नाही.

एक्सेलचीही एक खोड आहे, ती आधी माहीत असलेली बरी. १५ आकड्यांपेक्षा मोठी संख्या एक्सेल नीट धरून ठेवत नाही, पुढच्या आकड्यांच्या जागी शून्य टाकतं. फायबरच्या पोर्टचा नंबर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूपीएन, १६ अंकांचा असतो. त्यात ए ते एफ मधलं अक्षर असलं तर बहुतेक वेळा निभावतं. पण आमच्या स्टोरेजचे स्वतःचे पोर्ट ५००५०७६८ नं सुरू होतात आणि पुढेही निव्वळ आकडेच आले, तर शेवटचा आकडा गेलाच म्हणून समजा. फाइल आत घेतानाच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा.

आता होस्ट. स्टोरेजवर दिसणारा ‘होस्ट’ म्हणजे कुणीतरी टाइप केलेलं नाव आणि त्याखाली लिहिलेले डब्ल्यूडब्ल्यूपीएन, एवढंच. सर्व्हर फेकून दिला आणि त्याचं एचबीए कार्ड (सर्व्हरमधलं फायबरचं कार्ड, डब्ल्यूडब्ल्यूपीएन त्याचाच असतो) दुसऱ्यात बसवलं, तरी स्टोरेजला तो जुनाच सर्व्हर वाटतो. म्हणून प्रत्येक होस्टखालचे पोर्ट काढले आणि स्विचवर शोधले. ब्रोकेडच्या स्विचवर ‘नोडफाइंड’ला नंबर दिला की तो कुठल्या पोर्टवर लॉगिन आहे ते कळतं, सिस्कोवर तेच काम ‘शो फ्लोगी डेटाबेस’ करतं. तिथून केबल धरत मागे गेलं की सर्व्हर सापडतो. नंबराच्या सुरुवातीवरूनही बराच अंदाज येतो. २१०००० नं सुरू होणारी आमची सगळी कार्डं क्यूलॉजिकची निघाली, १०००००००सी९ म्हणजे एम्युलेक्स, आणि सी०५०७६ दिसलं की समोर पॉवर सर्व्हरवरचा व्हर्च्युअल पोर्ट आहे.

या शेवटच्या प्रकाराला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. एआयएक्सच्या प्रत्येक होस्टखालचे निम्मे पोर्ट ऑफलाइन दिसत होते. ‘जुने आहेत, काढून टाका’ असा सल्लाही मिळाला. आमचे एआयएक्स बघणारे सर शेजारीच बसतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, त्यांना अजिबात हात लावू नका. व्हर्च्युअल फायबर अडॅप्टरला दोन नंबर मिळतात. एक चालू असतो, दुसरा एलपीएमसाठी राखून ठेवलेला.” एलपीएम म्हणजे चालू एलपार (पॉवर सर्व्हरवरचं व्हर्च्युअल मशीन) एका पॉवर सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता हलवणं. हलवताना दुसरा नंबर जागा होतो, आणि त्याचं झोनिंग (स्विचवर स्टोरेजशी बोलायची परवानगी), मॅपिंग नसेल तर हलवणं जमतच नाही. हलल्यावर चालू असलेला झोपतो, झोपलेला चालू राहतो. म्हणजे आज ऑफलाइन दिसणारा पोर्ट पुढच्या मेंटेनन्सनंतर खरा कामाचा ठरतो. मी शीटमध्ये त्या जोड्या एकाच रंगात रंगवल्या आणि शेजारी कारण लिहून ठेवलं.

मग सर्व्हरच्या बाजूनं. लिनक्सवर ‘मल्टिपाथ’च्या (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक पाथ म्हणजे वाटा एकत्र धरणाऱ्या सोयीच्या) यादीत प्रत्येक डिस्कपुढे जो लांबलचक आयडी दिसतो, त्याचा पहिला ३ सोडला की उरतो तो स्टोरेजवरचाच युनिक आयडी. ईएसएक्सआयवर, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरच्या सिस्टीमवर, तोच आयडी ‘एनएए’ या अक्षरांनंतर येतो, विंडोजवर पॉवरशेलच्या ‘गेट-डिस्क’मध्ये युनिक आयडी म्हणून मिळतो. लन नंबरावर मात्र जुळणी करू नये. एकाच स्टोरेजवर या होस्टचा लन ४ वेगळा आणि त्या होस्टचा लन ४ वेगळा. एकच व्हॉल्यूम क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या) दोन नोडांवर वेगळ्या लन नंबरानंही दिसू शकतो. आणि डोळ्यांनी जुळवायच्या भानगडीतही पडू नये. ३२ अंकी आयडीतला सुरुवातीचा मोठा भाग सगळ्या व्हॉल्यूमना सारखाच असतो, फरक शेवटच्या दोन-चार अंकांत. शेवटी ए३ आणि ए८ असलेले दोन आयडी एकाखाली एक ठेवून बघा, संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांना ते एकच वाटतात. स्टोरेज कॅपिटल अक्षरं देतं, लिनक्स स्मॉल. स्क्रिप्ट लिहिताना ती एकसारखी करून घ्यायची.

जुळणी झाल्यावर एक विचित्र चित्र दिसलं. व्हीएमवेअरचे सगळे डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या फाइली ठेवलेले व्हॉल्यूम) एका विंडोज सर्व्हरलाही मॅप होते. आमच्या टीममधल्या एका पोराला ती चूक वाटली. चूक नव्हती. तो बॅकअप सर्व्हर होता आणि नेटवर्कवर भार नको म्हणून थेट फायबरवरून डेटास्टोअर वाचत होता. तिथे एकच जपायचं: विंडोजनं ती डिस्क अनोळखी समजून इनिशियलाइझ करायची (कोरी समजून नव्यानं वापरायला घ्यायची) नाही. त्यासाठी ऑटोमाउंट (नवी डिस्क आपोआप जोडून घेणं) बंद असावा लागतो. तो बंद आहे हे बघितलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

शेवटी उरले ते पूर्ण ऑफलाइन होस्ट. इथे कमांड काही सांगत नाही, माणसांनाच विचारावं लागतं. एका होस्टबद्दल आयटीत कुणालाच माहिती नव्हती. अकाउंट्सच्या मॅनेजर मॅडमना मेल केला, तर त्यांचाच फोन आला, “अहो, ती आपली जुनी ईआरपी, हिशेबाची जुनी सिस्टीम! सर्व्हर बंदच असतो, पण ऑडिटर जुनी व्हाउचरं मागतात तेव्हा लागतो.” कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. तो व्हॉल्यूम गेला असता तर परत आणायला जागाच नव्हती, त्याचा ताजा बॅकअप कुणाकडेच नव्हता. मी तो सगळ्यात आधी नव्या स्टोरेजवर हलवून घेतला.

काढायच्या व्हॉल्यूमांचा क्रम असा ठेवला: आधी सर्व्हरवर माउंट सोडवायचा, लिनक्सवर मल्टिपाथची नोंद काढायची, ईएसएक्सआयवर डेटास्टोअर अनमाउंट करून डिव्हाइस वेगळं करायचं, आणि मगच स्टोरेजवरून मॅपिंग काढायचं. उलट केलं तर होस्ट हरवलेले पाथ शोधत बसतो आणि शेजारची चालू मशीनंही अडकतात. मॅपिंग काढलं तरी व्हॉल्यूम लगेच डिलीट करायचा नाही. महिनाअखेरचं क्लोजिंग पार पडेपर्यंत तो तसाच ठेवायचा; कुणाचा फोन आलाच तर जुन्या लन नंबरानं पुन्हा जोडून देता येतो.

नव्या स्टोरेजवर आता स्क्रिप्ट रोज रात्री दोन्ही बाजूंचे आयडी काढते आणि न जुळलेल्या ओळी सकाळी मेलवर पाठवते. एलपीएमच्या झोपलेल्या पोर्टांना त्या मेलमधून वगळलंय, नाहीतर कुणीतरी नवा माणूस पुन्हा ते काढायला निघेल.