तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्थो करून हातच का?

"मॅडम, ऑर्थो करून हँडच का? काम हलकं म्हणून?" हाडांची शाखा, म्हणजे ऑर्थोपेडिक्स, शिकून पुढे हाताच्याच शस्त्रक्रिया का, हे प्रत्येक बॅचमधलं कुणी ना कुणी विचारतंच. मुलगी असेल तर जरा हळू आवाजात. आजवर "आवड" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

काम हलकं नाही. तुटलेली बोटं जोडायची म्हणजे रात्रभर मायक्रोस्कोपला डोळे लावायचे, केसाहून बारीक धाग्यानं मिलिमीटरभराची रक्तवाहिनी शिवायची. सकाळी बोट काळं दिसलं की पेशंट परत टेबलावर. पैसा गुडघे बदलण्यात आहे, हे मलाही ठाऊक होतं. शिवाय "मुलींना हँड बरं" हे पहिल्या वर्षापासून इतकं ऐकलं होतं, की त्या रागानंच मी स्पाइन, म्हणजे मणक्याच्या शस्त्रक्रिया, करणार म्हणून सांगत सुटले होते.

जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, होते. ऊसतोडीचा हंगाम. रात्री एक बाई आली. धार लावताना कोयता निसटला आणि तिनं तो पात्यालाच धरला. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, तळव्याच्या बाजूनं, बरोबर झोन टू. एकाच अरुंद म्यानातून बोट वाकवणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात तो भाग. हँड सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी त्याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं, एवढं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पहाटेपर्यंत चारही टेंडन शिवले, प्लास्टरचा स्लॅब घातला आणि तिला बजावलं, "सहा आठवडे बोटं अजिबात हलवायची नाहीत."

तिनं ते तंतोतंत पाळलं.

सहा आठवड्यांनी स्लॅब काढला. "मूठ करा" म्हटलं. दोन बोटं तशीच राहिली. शिवण तुटली नव्हती, टेंडन आजूबाजूला चिकटले होते. ती बोटांकडे नाही, माझ्याकडे बघत होती, अजून काय करू म्हणून. नवरा म्हणाला, "मॅडम, आमचा कोयता मोडला की." नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही जोडीवरच मिळते. डाव्या हातात ऊस धरता येईना, मोळी बांधता येईना, मग मुकादमाची उचल फिटायची कशी? काही महिन्यांनी चिकटलेले टेंडन सोडवायचं ऑपरेशन करता येईल, असं मी सांगितलं. ते परत आले नाहीत.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. रात्रीचे तीन वाजले होते, मजबूत चार पदरी शिवण कुणी शिकवली नव्हती, थेरपिस्ट नव्हता. सगळं खरं. पण शिवण भक्कम असेल तर पहिल्या आठवड्यातच बेतानं हालचाल सुरू करतात, हे माझ्या खोलीतल्या पुस्तकात होतं. मी ते पान उघडलंच नव्हतं.

लगेच ठरवलं असंही नाही. त्यानंतरही वर्षभर स्पाइनच म्हणत होते. पुढे हँड आणि मायक्रोसर्जरीची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप केली. तिथं चौथ्या दिवशी थेरपिस्ट पेशंटला स्प्लिंटमध्येच बोटं वाकवायला लावत होती. मला ते नीट बघवेना.

आणि एक गोष्ट कबूल करते. मुलाखतीत मला कुणी अडवलं नाही. "मुलींना हँड बरं" म्हणणाऱ्यांनीच तो दरवाजा सोपा केला होता. स्पाइनचा तसा उघडला असता का, कोण जाणे. मूल लहान होतं, तेही डोक्यात होतं. म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. तरी ऐकला की अजून लागतो.

मागच्या महिन्यात एका रेसिडेंट मुलीनं सांगितलं, मला स्पाइनच करायचंय. मी शिफारसपत्र दिलं, मनापासून. पण ऊस सुरू झालाय, कडबाकुट्टीत सापडलेले हात येताहेत आणि आमच्याकडे हाताची थेरपिस्ट एकच आहे. त्या मुलीचा हात फार चांगला आहे. तिनं इकडे यावं असं मला वाटतं. हे तिला सांगितलं तर मीही तेच "मुलींना हँड बरं" म्हणतेय असं तिला वाटेल. अजून सांगितलेलं नाही.