एका दिशेचे ओरखडे

माझ्या आजीच्या घरात अ‍ॅल्युमिनियमला कोणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नसे, ते ‘जर्मल’ असे. जर्मलचे पातेले, जर्मलची किटली. दुपारची जेवणे आटोपली की ती काथ्या आणि राख घेऊन मागीलदारी बसे आणि पातेल्याच्या बुडावर तिचा हात गोल गोल फिरत राही. तिचा तो हात माझ्यातही उतरला आहे, हे मला इंग्लंडमधल्या एका गारठलेल्या गॅरेजात, जुन्या मोटारसायकलची फ्रेम घासताना कळले. आणि ते कळून मुळीच आनंद झाला नाही.

गाडी जपानी, चारशे सीसीची, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. जपानमध्ये वापरून झालेल्या अशा कितीतरी गाड्या नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये आल्या, त्यांतलीच ही एक. आधीच्या मालकाने ती कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी करून ठेवली होती. इंजिन फिरत होते. दैना झाली होती ती फ्रेमची.

मोटारसायकलची फ्रेम म्हणजे पूर्वी रंगवलेल्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा असे आणि त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नसे. सुझुकीने १९८३ साली आरजी २५० गामा ही अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची गाडी रस्त्यावर आणली, १९८५ साली यामाहाची टीझेडआर २५० आली, आणि मानेपासून, म्हणजे हँडल जिथे बसते तिथून, मागच्या चाकाच्या दांड्यापर्यंत इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे रुंद, चपटे बीम हेच गाडीचे रूप होऊन बसले. हलक्या धातूची मिरवणूक काढायची तर तो रंगाखाली झाकून कसे चालेल? म्हणून अनेक गाड्यांवर तो उघडाच ठेवून, लांबीच्या दिशेने बारीक रेघा ओढून, वर पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असे.

त्या लॅकरनेच माझ्या गाडीचा घात केला. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि एरवी तोच त्याचे रक्षण करतो. पण इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठातला क्लोराइड त्या थराला भोके पाडतो. दगड उडून लॅकरला जिथे टवका गेला होता, तिथून खारे पाणी आत शिरले आणि लॅकरच्या खालून नागमोडी पांढऱ्या रेघा पसरत गेल्या. भिंतीचा पोपडा उडतो तसे लॅकर नखाने निघत होते. खाली पांढरी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे.

रंग काढायच्या द्रावणाने उरलेले लॅकर उतरवले. कॉस्टिक सोड्याने हे काम चटकन होईल असे एकाने सुचवले होते. पण सोडा अ‍ॅल्युमिनियमलाच खातो, आणि हे धुण्याच्या सोड्याने काळी पडलेली जर्मलची भांडी पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तारेची घासणीही मी हातात घेतली नाही, कारण तिचे लोखंडी कण मऊ धातूत रुततात आणि पुढे गंजतात. मानेवरच्या चॅसिस नंबरावर मात्र दोन पदरी चिकटपट्टी लावली. तो नंबर घासून पुसट केला, तर गाडी चोरीची नाही हे पटवण्यात उरलेले आयुष्य जाईल.

मग २४० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून खड्डे उतरवले, त्यावर ४०० चा पाणी लावून फिरवला आणि शेवटी लाल स्कॉच-ब्राइटची घासणी. इथेच घोटाळा झाला. मन गॅरेजाबाहेरच्या पावसाकडे गेले, आणि भानावर आलो तेव्हा उजव्या बीमवर बशीएवढे वर्तुळ उमटले होते. बाकीच्या बीमवर दिव्याचा उजेड एका सरळ पट्ट्यासारखा पडत होता; त्या वर्तुळात मात्र तो भोवऱ्यासारखा फिरत होता. ब्रश फिनिशमध्ये ओरखडे नाहीसे करायचेच नसतात. हजारो ओरखडे असतात, फक्त सगळ्यांनी एकाच दिशेला जायचे असते, आणि एक घोळका वेगळा निघाला की डोळा नेमका तिथेच जातो.

तेवढाच भाग घासून भागेना. कडेला नवा-जुना सांधा दिसू लागला, म्हणून सगळा बीम पुन्हा २४० पासून. हात खांद्यातून हलवायचा, मनगट कडक ठेवायचे, घासणी बीमच्या एका टोकाला टेकवून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत उचलायची नाही आणि परत येताना टेकवायची नाही. वेल्डिंगपाशी हे सगळे कोलमडते, कारण तिथे घासणी थबकते आणि थबकल्या जागी आडवी रेघ उठते. तिथे मी बोटभर रुंद पट्ट्या कापून वेल्डिंगच्या कडेकडेने ओढल्या. मानेचा तुकडा ओतीव आहे. तो कितीही घासला तरी बीमपेक्षा किंचित सावळाच राहतो, आणि तो तसाच बरा दिसतो.

बफिंग करून आरसा का केला नाही, असे शेजाऱ्याने विचारले. आरशात गॅरेजातले सामान दिसले असते, फ्रेम दिसली नसती.

नवे लॅकर लावले नाही. मेण लावले आहे; दर हिवाळ्यात दोन-तीनदा धुऊन पुन्हा लावावे लागेल, पण खाली काय चालले आहे ते निदान दिसत राहील. उजव्या बीमवर, टाकीच्या कडेखाली, त्या वर्तुळाचा एक चतकोर अजून आहे. टाकी बसवल्यावर तो झाकला जातो. टाकी काढली की पहिल्यांदा मी तोच पाहतो.