किनमेनला जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

किनमेन बेट आहे तैवानचं, पण समोर दिसतात ते चीनमधल्या शियामेनचे टॉवर. तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून तासाभरात पोचता येतं. वसंतात मात्र धुक्यामुळे विमानं सर्रास रद्द होतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एखादा दिवस हाताशी ठेवा.

बहुतेक लोक जायशानचा बोगदा बघून संध्याकाळच्या विमानाने परततात. बोगदा आहेच बघण्यासारखा: अखंड ग्रॅनाइट फोडून आत ३५७ मीटर पाण्याची वाट काढलीय, लष्करी बोटी लपवायला. पण खरं किनमेन ओहोटीला उघडं पडतं. किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये तिरपे रोवलेले रुळांचे टोकदार तुकडे, शत्रूच्या बोटी अडवण्यासाठी, रांगेने वर येतात. आता त्यांच्या बुडाशी कालवं चिकटलेली असतात. शहराजवळच्या च्येनकुंग बेटावर चालत जायची फरसबंदी वाटही ओहोटीलाच मोकळी होते. भरतीची वेळ विचारल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नका.

२३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत चीनने इथे साधारण पावणेपाच लाख तोफगोळे टाकले. मग १९७९ उजाडेपर्यंत दिवसाआड, फक्त विषम तारखांना! त्यातले बरेच प्रचारपत्रकं भरलेले. ते नुसते उकलायचे, चिंधड्या होत नसत, म्हणून त्यांचं जाड पोलाद सुऱ्यांसाठी सोन्यासारखं. दुकानात लोहार गंजक्या गोळ्याचा तुकडा कापून, तापवून, घणाखाली धरतो आणि बघता बघता भाजी चिरायची सुरी तयार. मी घेतली, झकास चालते. चेक-इन सामानातच टाका.

रस्त्याकडेला आपल्यासारखीच ज्वारी डोलताना दिसेल. भाकरीची आशा धरू नका, तिची ५८ टक्क्यांची दारू होते. एक घोट पुरे. शेंगदाण्याची कुंगथांग मिठाई मात्र चिक्कीवाल्यांनी मुद्दाम चाखावी. शाकाहाऱ्यांनी '素' ही पाटी शोधावी.

मुक्काम श्वेइथोउ गावातल्या जुन्या घरांत करा, शक्यतो दोन रात्री. जमिनीत पेरलेले सुरुंग २०१३ पर्यंत काढून झालेत, तरी धोक्याचा फलक दिसला की थांबा. सैन्य पूर्वीच्या मानाने नगण्य उरलंय, पण छावण्या चालू आहेत, तिकडे कॅमेरा रोखू नका. आणि ड्रोन? घरीच ठेवा. समोरून येणाऱ्या चिनी ड्रोनमुळे पहारेकरी आधीच वैतागलेले असतात.