आप्पांचे पर्जन्यमापक आणि पडवीतले वायफाय

आप्पा रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मापात ओततात, माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचतात आणि वहीत लिहून ठेवतात. साडेआठच का, तर हवामान खातेही पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरते. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या अंगाला. मलप्रभेचा उगम कणकुंबीचाच. पावसाळ्यात तिकडे कौलांवरचा आवाज थांबला तर माणसाला जाग येते. मी नोकरीसाठी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये. पावसाळाभर सकाळी माझा घरी फोन ठरलेला: "आप्पा, आज किती?"

2024 च्या उन्हाळ्यात आप्पांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. शेवाळलेल्या अंगणातून त्यांनी रोज मापकापर्यंत जाऊ नये असे मला फार वाटत होते, आणि नोंद थांबावी असे तर मुळीच वाटत नव्हते. म्हणून पाऊस आपोआप मोजून पाठवणारे काहीतरी बसवायचे ठरवले. त्यात मोजण्याचा भाग सोपा निघाला. डोलणाऱ्या वाट्यांचे मापक विकत मिळते. एका बाजूच्या वाटीत 0.2 मिलिमीटर पावसाइतके पाणी साठले की ती कलते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलण्याला एक चुंबकी स्विच क्षणभर जुळतो. ते ठोके मोजायला रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा संगणकाचा छोटा बोर्ड घेतला. दोन वायरी जोडल्या, पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला, एका संध्याकाळीत झाले. माझे दिवस गेले ते वायफायमध्ये.

2019 साली मी कारखान्यात असाच एक बोर्ड लावला होता आणि तेव्हाची टिपणे जपून ठेवली होती. मेमरी कार्डावर सिस्टीम चढवायची, कार्डाच्या बूट भागात, म्हणजे बोर्ड सुरू होताना आधी वाचतो त्या भागात, डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाची फाईल ठेवायची, तिच्यात वायफायचे नाव आणि पासवर्ड लिहायचा, शिवाय दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरता यावे म्हणून एसएसएच नावाची एक रिकामी फाईल टाकायची. कार्ड घालून वीज दिली की बोर्ड राउटरच्या यादीत दिसायचा. स्क्रीन नको, कीबोर्ड नको. मी तसेच केले. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. राउटरच्या यादीत आमचे फोन आणि टीव्ही, बाकी काही नाही.

दोन रात्री मी त्या फाईलमागे घालवल्या. कंस तपासले, अवतरणचिन्हे तपासली, पासवर्ड पुन्हा टाकला, कार्ड चार वेळा पुसून भरले. रात्री एकला आई उठून आली. "काय करालाईस रे एवढ्या रात्री? झोप की आता." फाईलमध्ये काहीच चुकले नव्हते, म्हणूनच ती चूक सापडत नव्हती. ऑक्टोबर 2023 मध्ये रास्पबेरी पायच्या सिस्टीमची 'बुकवर्म' आवृत्ती आली आणि वायफायचा कारभार नेटवर्क मॅनेजर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेला. बूट भागात ठेवलेली ती फाईल आता कोणी वाचतच नाही, आणि वाचली नाही असे कुठे सांगतही नाही. नेटवर शोधल्यावर पहिल्यांदा समोर येते ती अजूनही जुनीच रीत. ज्याला हे करायचे आहे त्याला माझे कळकळीचे सांगणे आहे: लेख कोणत्या सालचा आणि कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे आधी बघा, मग कार्डाला हात लावा.

शेवटी शनिवारी बेळगावातून मिनी एचडीएमआयची केबल आणि कीबोर्ड जोडायला ओटीजीची पिन आणली, बोर्ड घरच्या टीव्हीला लावला. एका मिनिटात सगळे समोर. बोर्ड नवीन युजरचे नाव विचारत थांबला होता! पूर्वी 'पाय' नावाचा युजर आणि ठरलेला पासवर्ड तयार मिळायचा; सुरक्षेसाठी तो एप्रिल 2022 मध्ये काढून टाकला. युजर तयार करून आत गेलो तर दुसरा निरोप: वायफाय आरएफकिलने (रेडिओ बंद ठेवणाऱ्या कुलपाने) अडवले आहे, आधी देश निवडा.

देश का लागतो, हे मला तेव्हा नीट कळले. कोणते चॅनेल वापरायचे आणि किती ताकदीने प्रसारण करायचे, याचे नियम देशागणिक वेगळे. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना 2005 पासून परवान्याविना खुला आहे, आणि 1 ते 13 चॅनेल चालतात. अमेरिकेत 12 आणि 13 सहसा वापरत नाहीत. त्यामुळे बोर्डावर देश अमेरिका राहिला आणि राउटर तेराव्या चॅनेलवर असला तर तुमचे वायफाय यादीत दिसणारच नाही. रासपी-कॉन्फिग या बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये लोकलायझेशन, त्यात डब्ल्यूलॅन कंट्री, त्यात आयएन, म्हणजे भारत. एवढे केले आणि अडसर निघाला.

मग एनएमटीयूआय उघडले. ही नेटवर्क मॅनेजरची निळ्या पडद्याची साधी खिडकी. बाणांच्या कळांनी नाव निवडायचे, पासवर्ड टाकायचा. यादीत शेजारच्यांचे वायफाय होते, आमचे नव्हते. केबलवाल्याला फोन लावला. तो कन्नड बोलणारा, मीही त्याच्याशी कन्नडच बोलतो. "स्वल्प तडिरी," म्हणजे जरा थांबा, म्हणाला आणि दोन मिनिटांत त्याच्या बाजूने बघून सांगितले, की बसवताना 5 गिगाहर्ट्झच तेवढे चालू ठेवले होते. झीरो 2 डब्ल्यूला फक्त 2.4 कळते. त्याने 2.4 चालू केले, सुरक्षा डब्ल्यूपीए 2 वर ठेवली, आणि बोर्ड जोडला गेला. टीव्हीवर आयपी पत्ता उमटला तेव्हा आप्पा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले होते.

एकदा हे कळल्यावर मी कार्ड मुद्दाम पुन्हा कोरे केले आणि कार्डावर सिस्टीम चढवणाऱ्या रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्राममधूनच सगळे भरले: युजर, पासवर्ड, वायफायचे नाव, देश, एसएसएच चालू, बोर्डाचे नाव रोमन अक्षरांत 'पाऊस'. टीव्ही न लावता दहा मिनिटांत काम झाले. इमेजरमधली ही सोय मला आधीही दिसली होती. जुन्या टिपणांच्या भरवशावर मी ती ओलांडून पुढे गेलो होतो.

आता बोर्ड पडवीत न्यायचा होता. पावसाचे पाणी लागू नये म्हणून आईने फराळाचा एक जुना स्टीलचा डबा दिला. झाकण लावले की संपर्क गायब, काढले की परत. धातूच्या बंद डब्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. बोर्डाच्या कडेला तांब्यात कोरलेला एक छोटा त्रिकोणासारखा भाग दिसतो, तोच त्याचा अँटेना, त्याच्याभोवती धातू नको. वायरिंगचा प्लास्टिकचा बॉक्स आणला, वायर जाते तिथे खालून भोक पाडले, वरून नाही.

तरी पडवीत संपर्क तुटायचा. आमचे घर जांभ्याचे, भिंत हातभर जाड. माजघरात राउटरजवळ सिग्नल उणे 48 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप), भिंतीपलीकडे पडवीत उणे 79. दर दहाच्या फरकाला ताकद दहापट घटते, म्हणजे हजारपटीहून जास्त घट झाली. जूनमध्ये झड लागली तेव्हा तोच आकडा उणे 86 झाला. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते. उन्हाळ्यात तपासून "चालतंय" म्हणालो होतो, ते पावसात चालेना. राउटर माजघरातून माळ्यावर नेला आणि बोर्ड भिंतीवरून काढून पडवीच्या वाशाला बांधला. आता मध्ये लाकूड आणि कौलेच राहिली. आकडा उणे 67 वर आला आणि मुसळधार पावसातही 70 च्या आसपास टिकला.

एवढ्यावरही रात्रीतून एक-दोनदा बोर्ड हरवायचा. त्याची दोन कारणे निघाली. पहिले, वायफायची वीज बचत. काही हालचाल नसली की रेडिओ डुलकी घेतो. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या जोडणीची पॉवरसेव्ह किंमत 2 केली की बचत बंद होते. दुसरे कारण मला मल्टिमीटरने दाखवले. पडवीपर्यंत मी पाच मीटरची बारीक वायर नेली होती. बोर्डाच्या दुसऱ्या आणि सहाव्या पिनवर मोजले तर 5 ऐवजी 4.6 व्होल्ट, आणि वायफाय बोलू लागले की त्याहून खाली. मोठ्या रास्पबेरी पायवर वीज कमी पडली तर तशी सूचना मिळते. झीरो मालिकेत ते सर्किटच नाही, त्यामुळे बोर्ड मुकाट्याने अडखळतो. चार्जर बोर्डाजवळ नेला, वायर हातभरच ठेवली. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा तासन्‌तास जाते, म्हणून राउटर आणि चार्जर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. प्रोग्रामही बदलला. ठोके आधी कार्डावर लिहायचे, संपर्क असेल तेव्हा पाठवायचे. वायफाय कितीही नीट बसवले तरी ही तजवीज हवीच.

जुलैतल्या एका सकाळी बेळगावातल्या अंगोळ भागातल्या माझ्या खोलीत चहा घेताना माझ्या फोनवर आकडा आला: 112.6. घरी फोन केला. शेजारच्या पोराने पाणी आणून दिले होते, आप्पांनी काचेच्या मापात बघितले होते 118. मी सांगितले, जोराच्या पावसात वाटी कलत असताना पडणारे पाणी मोजणीतून सुटते, म्हणून बोर्ड थोडे कमी दाखवतो.

"मग दोन्ही लिहून ठेवतो की," आप्पा म्हणाले. वहीचे पान उलटल्याचा आवाज फोनवर आला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा बघितले, पट्टीने नवी रेघ ओढून त्यांनी एक रकाना वाढवला होता, वर लिहिले होते 'वाशावरचा'.